पतंगाच्या दोरीवरून फोटो : कॅमेऱ्याचा पाळणा घरी बनवताना

फ्रान्समध्ये आर्थर बातूने १८८८ साली पतंगावरून फोटो काढले तेव्हा कॅमेरा थेट पतंगाच्या काठीलाच बांधलेला होता आणि शटर सुटायला जळती वात लावली होती. पतंगाने मान हलवली की कॅमेराही हलणार. म्हणून आता कॅमेरा लटकतो दोरीला, पतंगाच्या २५-३० मीटर खाली, चार कोपऱ्यांतून दोरी ओवलेल्या पाळण्यात. ही ओवणी प्येर पिकावे या फ्रेंच माणसाची, १९१२ सालची. फोटो स्थिर येतो तो बराचसा तिच्यामुळे, तेव्हा नवा कॅमेरा घेण्याआधी पाळण्यावर मेहनत घ्या.

कॅमेरा २०० ग्रॅमच्या आतला आणि ठरावीक सेकंदांनी आपोआप फोटो घेणारा हवा. जुन्या कॅनन पॉवरशॉटच्या बऱ्याच मॉडेलांवर मेमरी कार्डातून सीएचडीके (कॅननच्या कॅमेऱ्यांसाठीचं फुकट सॉफ्टवेअर) चालवून ही सोय करता येते. रिमोट, मोटारी वगैरे पहिल्या पाळण्यात नकोतच. वजन वाढतं आणि बिघडायला जागा होते.

१५ मिमी रुंद, २ मिमी जाड ॲल्युमिनियमची पट्टी सव्वा मीटर घ्या. २५-२५ सेंटीमीटरचे दोन तुकडे मधोमध फुलीसारखे जोडा. ३५ सेंटीमीटरच्या तुकड्याची उलटी चौकट करा: वरची बाजू १३, दोन्ही पाय ११. कॅमेरा बसणारी आतली चौकट २२ सेंटीमीटरची: तळ १२, बाजू पाच-पाच. पट्टी शिकंज्यात धरून काटकोनात ठोकू नका, कोपऱ्याला तडा जातो. जाड खिळ्यावरून किंवा गजावरून थोडी गोलाई ठेवून वाकवा.

कॅमेऱ्याच्या तळाला लागतो तो पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा बोल्ट. दुकानदार ‘तेवढाच आहे’ म्हणत सहा मिमीचा देईल. तो दोन आटे जातो, मग अडतो, आणि जोर केला की कॅमेऱ्याचे आटे कायमचे जातात. बाजूंची भोकं मात्र कॅमेरा बसवल्यानंतरच पाडा. आतली चौकट दोन बोटांत धरून पाहा. ज्या बिंदूंवर ती पुढेही झुकत नाही आणि मागेही, तिथे खूण करा. तिथे चार मिमीचे बोल्ट, रबरी वॉशर आणि फुलपाखरी नट. बाहेरची चौकट फुलीला एकाच बोल्टने जोडा म्हणजे दिशा बदलता येईल. बाकी सगळीकडे नायलॉनची कडी असलेले नट वापरा. दोरी वाऱ्यात सतत थरथरते आणि साधा नट त्या थरथरीनेच सुटतो.

आता ओवणी. फुलीच्या चार टोकांना किल्ल्यांच्या जुडग्यातल्या छोट्या कड्या लावा. दोरी थेट भोकातून ओवली तर पट्टीची कड ती कापते. पतंगाच्या दोरीवरचे दोन हुक डावा आणि उजवा धरा, दोघांनाही छोट्या कप्प्या बांधा. दीड मिमीची विणलेली सहा-सात मीटर दोरी डाव्या हुकला बांधून सुरुवात करा: डावा, पहिलं टोक, उजवा, दुसरं टोक, डावा, तिसरं, उजवा, चौथं, आणि परत डाव्याला गाठ. एकूण आठ धागे होतात. मधे एकमेकांना छेदणारे आतले दोन धागे एका लहान कडीतून घ्या, नाहीतर पाळणा भोवऱ्यासारखा फिरतो. दोरी कुठेही अडकता कामा नये. घसरत राहणं हेच तिचं काम.

घरातच तपासा. दोन खिडक्यांमधे दोरी ताणा, एक मीटर अंतरावर हुक लावा आणि दोरीचं एक टोक हळूहळू वर उचला. दोरी तिरकी होत जाईल, पण फुली सपाट राहिली पाहिजे. कलली तर एखादा धागा अडकला आहे किंवा क्रम चुकला आहे.

संक्रांतीचा बदामी पतंग इथे कामाचा नाही, त्याचा चपळपणाच आडवा येतो. दोन मीटर उंचीचा जपानी रोक्काकू (षटकोनी पतंग) किंवा मोठा डेल्टा (त्रिकोणी पतंग) घ्या. दोरी विणलेली डेक्रॉनची (म्हणजे पॉलिएस्टरची), ९० किलो ताकदीची. मांजा कुठलाच नको. हातात चामडी मोजे हवेतच.

वारा ताशी १५ ते २५ किलोमीटर, एकसारखा. कोकणात हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून येणारा वारा त्यासाठी उत्तम, पण तो पतंग माडांच्या वाडीकडे नेतो. म्हणून ओहोटीला पाण्याच्या रेषेशी उभे राहा, म्हणजे पाळणा वाळूवरच राहील. गडाच्या कड्याजवळ मात्र नको. तिथे वारा घुमतो आणि पतंग गोते खातो. विजेच्या तारा, विमानतळ, गर्दी आणि ढगाळ गडगडाट यांपासून लांब राहा.

पतंग दहा मिनिटं एका जागी तरंगला तरच पाळणा लावा. दोरी प्रत्येक हुकभोवती पाच वेढे घेऊन अडकवा. पहिल्या वेळी कॅमेऱ्याऐवजी तेवढ्याच वजनाची वाळूची पुडी पाठवा. पाळण्यापाशी दोरीला ठळक झोळ पडला तर वारा कमी आहे, उतरवा. कॅमेऱ्याचं शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, फोकस दूरवर पक्का, दर पाच सेकंदांनी एक फोटो. लेन्स आपोआप आत घेणारी बचत-सेटिंग बंद करा, नाहीतर वर गेल्यावर कॅमेरा झोपतो.

उतरवताना फिरकी ओढत बसू नका. एकाने दोरी पक्की धरावी, दुसऱ्याने मोजे घालून दोरी हाताखाली दाबत पतंगाच्या दिशेने चालत जावं. पाळणा हाताशी आला की आधी कॅमेरा सोडवा, मग हुक. घरी आल्यावर कप्प्या गोड्या पाण्याने धुवा. खारट वाळूचा एक कण अडकला तरी पुढच्या वेळी धागा सरकत नाही.