सायप्रसमध्ये दोन्हीकडे फिरताना: काय घालावे, काय बोलावे

सायप्रस १९७४ पासून दुभंगलेले आहे. दक्षिणेत ग्रीक सायप्रियट, उत्तरेत तुर्की सायप्रियट, मधे दोघांना वेगळे ठेवणारा, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालचा सुमारे १८० किलोमीटर लांबीचा पट्टा. राजधानी निकोसियात, लेड्रा स्ट्रीटवर, तो चालत ओलांडता येतो.

आधी विमानतळ नीट निवडा. लार्नाका किंवा पाफोसला उतरा. उत्तरेतल्या एर्जानवरून बेटावर येणे सायप्रस सरकार बेकायदा मानते.

कपड्यांचे फार अवघड नाही. पोहण्याचे कपडे किनाऱ्यावरच ठेवा आणि पिशवीत एक ओढणी असू द्या. मठांत खांदे-गुडघे झाकलेले लागतात. मशिदीत पादत्राणे बाहेर, बायकांच्या डोक्यावर ओढणी. हे दोन्हीकडे लागू पडते: हाला सुलतान तेक्के ही दर्ग्याची मशीद दक्षिणेत आहे, आणि उत्तर निकोसियातली सेलिमिये मशीद मुळात कॅथेड्रल होती.

नाक्यावर दोनदा पासपोर्ट दाखवावा लागतो. सैनिक आणि चौक्या यांचे फोटो काढू नका, मोबाइल खिशातच बरा.

खरी कसोटी बोलण्यात आहे. ग्रीक सायप्रियटांसमोर उत्तरेला ‘वेगळा देश’ म्हणू नका. त्या राज्याला फक्त तुर्कस्तानची मान्यता आहे, आणि अनेकांची घरे तिकडे राहिली. तुर्की सायप्रियटांसमोर उत्तरेला ‘व्याप्त (म्हणजे तुर्कस्तानने बळकावलेला) प्रदेश’ म्हणालात, तरी तितकेच लागते. १९६३-६४ च्या, दोन समाजांमधल्या हिंसाचारात त्यांनीही माणसे आणि घरे गमावली. नुसते ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ म्हणा. कुणी आपणहून आठवणी सांगू लागले, तर ऐका. ‘चूक कुणाची’ हे विचारू नका.

हातांकडेही लक्ष असू द्या. ‘पाच’ सांगताना उघडा पंजा ग्रीक माणसाच्या तोंडासमोर धरला, तर ती शिवी होते. मान वर उडवून ‘च्च’ केले, तर दोन्हीकडे अर्थ एकच: नाही. आपली होकाराची डुलती मान मात्र तिथे कुणाला कळणार नाही, तोंडाने सांगा.

जेवणाऱ्यांनी ‘कोपियास्ते’ म्हटले, तर ते आपले ‘या जेवायला’च. निदान दोन मिनिटे टेका.

कॉफी तीच, लहान कपातली, तळाशी गाळ असलेली. दक्षिणेत ‘सायप्रस कॉफी’ मागा, उत्तरेत ‘तुर्की’. बिनसाखरेची हवी असेल, तर इकडे ‘स्केतो’, तिकडे ‘सादे’, म्हणजे आपल्या ‘साध्या’चाच भाऊबंद.