शिडाची होडी गाडीमागून कोकणात आणताना

पुण्याहून ट्रेलरवर होडी घेऊन येणारी आमची भाचेमंडळी आधी खोल्या बुक करतात आणि मग फोनवर विचारतात, "काका, पाण्यात कधी घालायची?" उलटं करा. आधी कालनिर्णय उघडा.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब आमच्याकडे शेंबड्या पोराला येतो. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. थोडं मागेपुढे होतं, पण बेत ठरवायला पुरतं. माझं मत विचाराल तर चतुर्थी-पंचमी धरा. दुपारी एकच्या सुमारास पाणी चढत असतं, तेव्हा होडी उतरवा आणि पाचच्या आत वर काढा. अष्टमीला याल तर भर बारा वाजता सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. खाडीत गुडघाभर चिखल, आणि त्यात तुम्ही ट्रेलर ढकलताय!

वाऱ्याचंही हेच. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून सुटतो. तो हौसेने बाहेर नेतो, परत आणत नाही. दुपारी खारा वारा धरला की तो किनाऱ्याकडे ढकलतो. नवख्याने त्यावरच शीड उभारावं. मात्र ओहोटी लागल्यावर खाडीच्या मुखाशी जाऊ नका. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा समोरासमोर आले की तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात.

होडी कुठली? वेफेअरर 4.82 मीटर लांब, नुसतं अंग 169 किलो. कुटुंबाला छान, पण वाळूत दोघांना आवरत नाही. लेझर 4.23 मीटर आणि 59 किलो. एकट्याने खेळायची, भिजायची तयारी ठेवून.

ट्रेलर आणि होडी मिळून 300 किलो होत असेल, तर गाडीच्या हुकावर साधारण 20 किलो भार यावा. घरातला वजनकाटा ट्रेलरच्या दांड्याखाली ठेवून बघा. भार कमी पडला की ताम्हिणीच्या उतारावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. मग सामान पुढे सरकवायचं. उतार खालच्या गिअरमध्येच उतरा. वाटेत माणगावला थांबून पट्टे पुन्हा आवळा आणि चाकाच्या मधल्या तुंब्याला हात लावून बघा. चटका बसला तर बेअरिंग बिघडलंय.

पोहोचल्या पोहोचल्या ट्रेलर पाण्यात घालायचा नाही. तापलेलं बेअरिंग खाऱ्या पाण्यात एकदम थंड झालं की आत पाणी ओढून घेतं आणि ग्रीसची वाट लागते. अर्धा तास चहा प्या. तेवढ्यात दिव्यांची वायर सोडवा, होडीचं बूच बसवा. डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा. ॲल्युमिनियमची काठी आणि बंदरावरच्या विजेच्या तारा, यांची गाठ पडता कामा नये.

फेरीबोटीच्या धक्क्यावरून उतरायचं असेल तर तिथल्या माणसांना विचारून, दोन फेऱ्यांच्या मधे. पुळणीवरून उतरायचं तर गाडी वरच्या घट्ट जमिनीवरच राहू द्या. ट्रेलर सोडवा आणि 20-25 मीटरच्या जाड दोराने हळूहळू खाली सोडा. ओल्या वाळूत रुतलेली गाडी काढायला मग सगळं गाव जमतं, आणि फुकटचे सल्ले वेगळे. लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच अंगात घाला.

संध्याकाळी ट्रेलर, दोर, कप्प्या सगळं गोड्या पाण्याने धुवा. आमच्या विहिरीवर पंप आहे, फक्त मे महिन्यात मागू नका.