कर्णबधिर भावाला मानसोपचाराला नेताना

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर. कापूस वेचणीच्या दिवसांत तो जेवेना, रात्रभर ओसरीवर बसून राही. पहिल्या डॉक्टरांनी सगळं मलाच विचारलं; तो भिंतीकडे बघत बसला. फार लागलं मनाला.

म्हणून आधी घरीच तयारी करा. आम्ही कागदावर २४ घरं आखली, झोपेचे तास त्यानंच कोळशानं काळे केले. दोनच घरं काळी! तो कागद पाहताच पुढच्या डॉक्टरांनी थेट त्याच्याकडे खुर्ची वळवली.

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत खुणांची भाषा जाणणारा माणूस मागा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, लाजू नका. नाही मिळाला तर कर्णबधिर शाळेतल्या गुरुजींना विनंती करा. घरच्यांनी दुभाषी होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. जीव नकोसा झालाय हे आईसमोर कोण सांगेल?

ओठ दिसावेत म्हणून डॉक्टरांचा मास्क खाली, त्यांच्या तोंडावर उजेड हवा. मान हलवली म्हणजे समजलं असं नाही. गोळी कधी घ्यायची ते त्याच्याकडूनच खुणेनं वदवून घ्या. अडलं तर घरच्यांनी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन करावा, तो २४ तास सुरू असतो.