कोकण किनारा एसटीने करायचाय? मग थेट गाडी शोधू नका

अलिबाग ते रत्नागिरी किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो, डायरेक्ट गाडी आहे का. अशी गाडी मिळाली तरी ती हायवेने महाड-चिपळूण करत जाणार, समुद्र काही दिसायचा नाही, कारण किनाऱ्यावर मध्ये खाड्या आडव्या येतात.

म्हणून सरळ खाडीपर्यंत एसटी, मग फेरीबोट, मग पलीकडची एसटी असं करायचं. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी (ही सावित्री नदीची खाडी, इथे रायगड जिल्हा संपतो), दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड. पायी माणसाला बोटीचं तिकीट किरकोळ असतं. घोळ होतो तो बोटीतून उतरल्यावर, कारण बोट आणि एसटीच्या टायमिंगचा एकमेकांशी काही संबंध नाही, तुम्ही धक्क्यावर उभे आणि गाडी मगाशीच गेलेली, हे वेश्वीला हमखास होतं. त्यामुळे बोट चालू असतानाच त्यात चढलेल्या कारवाल्यांशी, टेम्पोवाल्यांशी बोलून घ्यायचं, मंडणगडला चाललात का केळशीला. पलीकडे पोचल्यावर सगळे भुर्रकन निघून जातात, मग कोणाला विचारणार?

आता वस्तीची गाडी. ही संध्याकाळी आतल्या गावात जाते, रात्री तिथेच मुक्काम आणि पहाटे परत निघते. केळशी-आंजर्ल्यासारख्या ठिकाणी जायला मला तरी हीच सगळ्यात आवडते, सगळा गाव आत असतो, बाजार करून परतणारे, कॉलेजची पोरं, आणि तुम्ही कुठले, कोणाकडे चाललात ही चौकशी होतेच. कोणाकडे नाही म्हटलं की कंडक्टर नाहीतर शेजारच्या काकू घर सुचवतात. जेवण मात्र आधी फोन करून सांगा, आयत्या वेळी नऊ वाजता मोदक मिळत नाहीत.

हर्णैला संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो, तो बघाच, पण नंतरच्या गाडीत सॅक खाली ठेवू नका. सीटखाली कोणाची तरी टोपली असते, वळणावर त्यातलं पाणी थेट तुमच्या कपड्यांत, आणि सुरमईचा वास दोन धुण्यांत जात नाही. सॅक वरच्या रॅकवर, आणि गाडी लागत असेल तर मागची सीट नकोच.

वेळापत्रक नेटवर बघितलं तरी डेपोच्या चौकशी खिडकीवर परत विचारा, कारण शाळेच्या वेळेच्या काही फेऱ्या सुट्टीत बंद असतात. गणपती आणि शिमग्याला तर हा प्लॅन करूच नका, चाकरमान्यांची गर्दी असते, उभं राहायलाही जागा नाही. सुट्टे पैसे ठेवा, रेंज गेली की यूपीआय पण गेलं.

पासचं म्हणाल तर 'आवडेल तेथे प्रवास' ४ आणि ७ दिवसांचा मिळतो, पण असे छोटे छोटे टप्पे करणार असाल तर तो वसूल होईलच असं नाही, बोटीला तर चालतच नाही. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यांनी तर पासच्या भानगडीत पडूच नये.

जयगडहून पुढे गणपतीपुळ्याला जाताना वाटेत मालगुंड लागतं, केशवसुतांचं गाव, स्मारक आहे. तिथे उतरलात तर आत जायच्या आधी पुढची गाडी कधी आहे ते विचारून ठेवा.