नाइटक्लबमधल्या जुन्या फोटोचं साल त्याच्या पुठ्ठ्याच्या घडीवरून काढा

१९४०-५०च्या दशकांत अमेरिकेतल्या नाइटक्लबांत कॅमेरा घेतलेल्या मुली टेबलाटेबलावर फिरून फोटो काढत. तिथेच धुऊन क्लबचं नाव छापलेल्या पुठ्ठ्याच्या घडीत तो गिऱ्हाइकाला विकत. असे फोटो आजही जुन्या बाजारात मिळतात, पण साल कुठेच लिहिलेलं नसतं. आपण कपड्यांवरून अंदाज बांधत बसतो. त्यापेक्षा घडीवरचा पत्ता वाचावा.

१. शहराच्या नावापुढे एक-दोन अंकी आकडा आहे का बघा, उदा. ‘न्यूयॉर्क २२’. टपालासाठी शहराचे भाग पाडून दिलेले हे आकडे १९४३ मध्ये आले आणि १९६३ मध्ये पाच अंकी झिप कोड सुरू झाला. म्हणजे घडी बहुधा या वीस वर्षांतली. (नुसता पत्ता असेल तर काहीच ठरत नाही, जाहिरातीत आकडा गाळायचेच.)

२. मग क्लब कधीपासून कधीपर्यंत चालला ते ताडून बघा. न्यूयॉर्कचा कोपाकबाना १९४० चा, टाइम्स स्क्वेअरचा लॅटिन क्वार्टर १९४२ चा. त्याआधीचा फोटो असूच शकत नाही.

३. अक्षरं पुसट असतील तर खोली अंधारी करून मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरा. दाबून उठवलेली छपाई सावलीमुळे लख्ख वाचता येते. मला तरी भिंगापेक्षा हेच बरं वाटतं.

फोटो घडीला चिकटलेला असेल तर मागचं बघायला ओढू नका, वरचा थर सोलून निघतो.