खिडक्या धुण्याचा भाव फोनवर सांगू नका

नाशिकच्या गंगापूर रोडचा टू बीएचके असो की पाथर्डी फाट्याचा, खरा वेळ काच नाही, स्लायडिंगची खाच खाते. त्यातली धूळ, कबुतरांची घाण आधी कोरड्या ब्रशने काढा. आधी पाणी मारलंत की चिखल झालाच.

भाव तासावरून काढा. समजा दिवसाला १,२०० सुटायला हवेत, पेट्रोल-साहित्य २००, आणि ये-जा वगळून हातात काम ५ तास. १,४०० भागिले ५, म्हणजे तासाला २८०. जाळीसकट एका खिडकीला २० मिनिटं लागली तर ९५ रुपयांखाली उतरू नका. दिवाळीआधी तर नाहीच.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग वेगळे धरा. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून एका कोपऱ्यात पाच मिनिटं ठेवून बघा. डाग हलला तरच काम घ्या. बाथरूमचं अॅसिड नको, अॅल्युमिनियमची फ्रेम कायमची डागाळते. साबण ५ लिटरला अर्धा चमचा पुरतो, जास्त झाला की काचेवर पट्टे उमटतात. पश्चिमेच्या काचा सकाळीच उरका.

बाहेर लटकून पुसायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा.