एकाच कामाच्या दोन पोर्ट्रेट लेन्स? विकण्याआधी (आणि घेण्याआधी) या चुका टाळा

८५ एमएम लेन्स होतीच (एमएम जास्त, तितकं लांबचं मोठं दिसतं). मग १०५ आली, किंवा ८५ चीच एफ/१.४ आली (एफ नंबर लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). ७०-२०० झूम तर पहिल्यापासून बॅगेत आहे. लग्नसराई आटोपून हिशोब झाले की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कितीतरी फोटोग्राफरांना प्रश्न पडतो: या सगळ्या चेहरेच काढतात, मग एक विकून टाकावी का? उत्तर लेन्सवर छापलेल्या आकड्यांत नाही. ही लेन्स सोबत नसती तर नेमका कोणता फोटो निघाला नसता, ते स्वतःला विचारा. तो फोटो बोट ठेवून दाखवता आला तर लेन्स राहू द्या. ‘लुक वेगळा येतो’ यापलीकडे काही सांगता येत नसेल तर पुढचं वाचा.

एकाच जागी उभं राहून तुलना करणं

सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. ट्रायपॉड लावला, आधी ८५ चढवली, मग १०५. दुसऱ्या फोटोत चेहरा मोठा, मागचं जास्त ब्लर. झालं, १०५ भारी! पण ऑर्डरवर आपण असं काम करत नाही. आधी फ्रेम ठरते, मग तिच्यासाठी आपण पुढे-मागे सरकतो. म्हणून तुलना करताना फ्रेम तीच ठेवा आणि कॅमेरा हलवा.

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा उभा धरून डोक्यापासून कमरेपर्यंतची, ९० सेंटीमीटर उंचीची फ्रेम घ्या. ८५ ला २.२ मीटर अंतर लागतं, १०५ ला २.७ आणि १३५ ला ३.५. दोन मीटरच्या फ्रेममध्ये पूर्ण उभा माणूस घ्यायचा तर अनुक्रमे ४.८, ५.९ आणि ७.६ मीटर. नाक, कान, जबडा यांचं एकमेकांशी प्रमाण कसं दिसेल हे अंतरावर ठरतं, लेन्सवर नाही. ८५ आणि १०५ मध्ये कमरेपर्यंतच्या फोटोला अर्ध्या मीटरचा, म्हणजे एका पावलाचा फरक. तेवढ्याने चेहऱ्यात जे बदलतं ते अल्बममध्ये शोधून सापडत नाही.

१३५ ची गोष्ट वेगळी, आणि ती चेहऱ्यापेक्षा खोलीत जास्त जाणवते. हळदीला किंवा श्रावणातल्या कानबाईला (खानदेशातला देवीचा उत्सव) जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात दहा बाय दहा फुटांची खोली मिळते, म्हणजे जेमतेम तीन मीटर. पाठ भिंतीला टेकवली तरी १३५ मध्ये कमरेपर्यंतची फ्रेम बसत नाही. ८५ मध्ये बसते. उलट दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडा आणि मालक मिळून तीन मीटरची फ्रेम ८५ ने घ्यायची तर सात मीटरवर जावं लागतं, आणि उधळणाऱ्या जनावरापुढे ते अंतर कमीच. १३५ मध्ये अकरा मीटरपेक्षा लांब राहता येतं.

ढोबळ हिशोब असा: एका लेन्सचा एमएम दुसरीच्या दीडपट किंवा जास्त असेल तर दोघींना काम आहे. सव्वापटीच्या आत असेल तर बहुधा एक पुरते.

नुसत्या एफ नंबरवरून ब्लर मोजणं

मागचं लांब असेल (शेत, डोंगर, रस्ता) आणि फ्रेम सारखी असेल, तर ब्लर ठरतो एमएमला एफ नंबरने भागून येणाऱ्या आकड्यावर. ८५ एफ/१.८ चे येतात ४७ मिलीमीटर, ८५ एफ/१.४ चे ६१, १०५ एफ/१.४ चे ७५ आणि १३५ एफ/१.८ चेही ७५. आता ७०-२०० एफ/२.८ बघा: १३५ वर ४८, २०० वर ७१. म्हणजे ७०-२०० हाताशी असताना केवळ केळीच्या बागेतल्या प्री-वेडिंगमध्ये मागचं ब्लर करायला ८५ एफ/१.८ घेतली, तर जे आहे तेच पुन्हा विकत घेतलं.

स्टेजवर हे गणित उलटतं. फुलांचा पडदा डोक्यामागे अर्ध्या मीटरवर असेल तर त्याच कमरेपर्यंतच्या फ्रेमला ८५ एफ/१.८ चा ब्लर १३५ वरच्या एफ/२.८ पेक्षा स्पष्ट जास्त मिळतो. शिवाय उजेडाचा फायदा सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड): झूमवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागत असेल तिथे २५०० वर भागतं. मंद लाईटच्या हॉलमध्ये कामं जास्त असतील तर ७०-२०० सोबत ८५ ठेवायला हे कारण पुरेसं आहे.

त्याच एमएमची ‘वरची’ लेन्स घेऊन जुनीही ठेवणं

८५ एफ/१.८ आणि ८५ एफ/१.४ या दोन्ही बॅगेत असणं म्हणजे खरोखर एकाच कामाला दोन माणसं. उजेडाचा फरक दोन-तृतीयांश स्टॉप. दोन मीटरवर फोकसची खोली (पुढून मागे जेवढा भाग टोकदार येतो तेवढी) एफ/१.८ ला साधारण पावणेसहा सेंटीमीटर, एफ/१.४ ला साडेचार. वजनाचा फरक मात्र हाताला कळतो: सोनीची ८५ एफ/१.८ ३७१ ग्रॅमची, तर पहिली ८५ एफ/१.४ जीएम ८२० ग्रॅमची.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करा. भर दुपारी आयएसओ १०० वर एफ/१६ ला १/१०० सेकंदाच्या आसपास शटर येतं. त्या हिशोबाने एफ/१.८ ला सुमारे १/८००० लागतं आणि एफ/१.४ ला १/१२८००. कॅमेऱ्याचं शटर १/८००० ला थांबत असेल तर एफ/१.४ उघडताच फोटो जळतो. एनडी८ फिल्टर (उजेड आठपट कमी करणारी काच) लावला की तेच १/१६०० वर येतं. फिल्टर नसेल तर एफ/१.४ चे जास्तीचे पैसे उन्हात वापरताच येत नाहीत. बरं, १/४००० ला थांबणाऱ्या बॉडीवर एफ/१.८ सुद्धा पूर्ण उघडता येत नाही.

दोन्हींतली कोणती ठेवायची? तुमचे निवडलेले फोटो एफ/२ ते एफ/२.८ वरचे असतील तर हलकी ठेवा. काळ्या-पांढऱ्या कडांवर, जरीवर, दागिन्यांच्या चमकेवर जांभळी-हिरवी झाक येते की नाही, ते दोन्हींवर एफ/२ ला तपासा आणि जी स्वच्छ निघेल ती ठेवा, मग ती महाग असो वा स्वस्त.

फोकसची चूक लेन्सच्या माथी मारणं

‘पहिली सॉफ्ट आहे’ (फोटो टोकदार येत नाही) म्हणून दुसरी घेतली जाते, आणि सहा महिन्यांनी दोन सॉफ्ट लेन्स होतात. आधी हे करून बघा:

१. शटर १/२०० च्या खाली नेऊ नका. ८५ ला आणि २४ मेगापिक्सेलला १/८० पुरत नाही. नवरी हलते, आपणही हलतो.

२. मधल्या पॉइंटवर फोकस करून मग फ्रेम बदलणं सोडा. सव्वा मीटरवर एफ/१.४ ला फोकसची एकूण खोली १७ मिलीमीटरच्या आसपास. डोळा सेन्सरच्या मध्यापासून एक सेंटीमीटर वर गेला की सुमारे ९ मिलीमीटरची चूक होते, म्हणजे डोळा खोलीच्या काठावर येतो. थेट डोळ्यावरचा पॉइंट निवडा किंवा आय-एएफ (आपोआप डोळा धरणारा फोकस) लावा.

३. डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) असेल तर मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स पूर्ण उघडी. एका आकड्यावर दहा वेळा फोकस घ्या आणि प्रत्येक वेळी आधी फोकस बिघडवा. सगळे फोटो एकाच बाजूला सरकत असतील तर मेनूतलं एएफ फाइन ट्यून किंवा मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट करून सुटतं. इकडेतिकडे विखुरले तर लेन्स दुरुस्तीला द्या. मिररलेसवर (बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर) फोकस सेन्सरवरूनच होतो, म्हणून हा दोष सहसा येत नाही.

मेच्या दुपारी तापलेल्या डांबरावरून सात-आठ मीटरवरचा फोटो घेतला तर हवाच थरथरते. तो फोटो कुठल्याच लेन्सने टोकदार येत नाही. सावलीत जा, अंतर कमी करा.

बॉडी आणि माउंट विसरणं

क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ८५ ची फ्रेम १२७ सारखी (कॅननवर १३६ सारखी) दिसते. म्हणजे फुल फ्रेमवर १३५ आणि क्रॉपवर ८५ असे दोन कॅमेरे गळ्यात असतील, तर दोन्ही एकच फ्रेम देतात. ८५ फुल फ्रेमवर आणि १३५ क्रॉपवर चढवली की लगेच दोन वेगळी कामं होतात. विकण्याआधी एवढी अदलाबदल एका ऑर्डरला करून बघा, पैसे लागत नाहीत.

‘बॅकअप म्हणून ठेवलीय’ हे कारण खरं, पण बॅकअप दुसऱ्या बॉडीवर फोकस करते का ते बघा. निकॉनची जुनी ८५ एफ/१.८ डी ही एफटीझेड अडॅप्टरवर (निकॉनच्या मिररलेसला जुन्या लेन्स जोडणारा) ऑटोफोकस करत नाही. मिररलेसवर गेल्यावर ती बॅकअप राहत नाही. आणि ७०-२०० चालू असेल तर ८५ चा बॅकअप आधीच आहे.

मॅक्रोला दुसरी पोर्ट्रेट लेन्स समजणं

८५ सोबत ९० किंवा १०५ ची मॅक्रो (अगदी जवळून छोट्या वस्तू काढणारी लेन्स) असेल तर घाई नको. साध्या ८५ एफ/१.८ बहुतेक ०.८ मीटरच्या आत फोकस धरत नाहीत, मंगळसूत्राच्या वाट्या त्यात लहानच येतात. एक्स्टेन्शन ट्यूबने (लेन्समागे लावायची पोकळ नळी) काम निघतं, पण मांडवात ट्यूब काढ-घाल करायला वेळ नसतो. कॅननची आरएफ ८५ एफ/२ मॅक्रो ०.३५ मीटरपर्यंत जाते, तिच्या मालकांना मात्र दुसरी लागत नाही.

आता ठरवायचं कसं

लाइटरूम क्लासिकमध्ये लायब्ररी फिल्टर उघडा, मेटाडेटा निवडा, एका रकान्यात लेन्स, दुसऱ्यात फोकल लेंथ, तिसऱ्यात अपर्चर लावा. एक पथ्य पाळा: क्लिक केलेले सगळे फोटो मोजू नका, अल्बमला गेलेलेच मोजा. क्लिक सवयीने होतात. ८५ चे निवडलेले फोटो बहुतेक एफ/२.८ च्या पुढचे असतील आणि झूमचे ८० ते १०५ मध्ये अडकलेले असतील, तर एक लेन्स दुसरीचीच ड्युटी करतेय. मग एकीला पुढच्या दोन-तीन ऑर्डरना घरी ठेवा. बारा बाय छत्तीस इंचाच्या शीटवर काही कमी पडलं का ते अल्बम डिझायनरला विचारा, लेन्स घरी ठेवल्याचं न सांगता.

विकायचं ठरलं तर तुळशीच्या लग्नाच्या आधी, सीझन उघडायच्या तोंडावर विका. गिऱ्हाईक यायच्या आत मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून मारून समोरून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, दुधी पडदा दिसला तर हेझ. अपर्चरच्या पात्यांवर तेलाचा चट्टा आहे का पहा, फोकस रिंगमध्ये धुळीची करकर येते का ऐका. बिल, हूड आणि दोन्ही कॅप सोबत ठेवा.